नकाशातलं चुकलेलं मांजर

"पितंय! बघा, बघा, पितंय!"

बादलीभर पाणी शाळेच्या अंगणात ओतलं आणि ते पसरायच्या आधीच नाहीसं झालं. दोन-अडीचशे माणसं श्वास रोखून वाकली. मग जमिनीच्या पोटातून आवाज आला. आधी गुडगुड, नंतर लांबलचक घोगरा हुंकार, झोपमोड झालेल्या म्हाताऱ्याचा असतो तसा. पुढच्या रांगेतले बाप्ये असे मागे सरले की मागच्यांच्या पायांवर पडले. भिंतीच्या कठड्यावर बसलेल्या बायकांनी जिभा फिरवून किलकाऱ्या मारल्या.

"तहानलाय बिचारा," झाडफूक करणारा फकीह सी बूश्ता म्हणाला. पांढरी पायघोळ जेलाबा, डोळ्यांत सुरमा, हातात जपमाळ, आणि आवाजात बाजारात तेल विकणाऱ्याचा गोडवा. "साडेतीनशे वर्षं राखण करतोय. पण पाण्यानं कुठं भागतंय, भल्या माणसांनो? पाहुणा आला तर आपण आधी चहा देतो, मग जेवायला वाढतो. हो की नाही?"

"हो!"

"हा चहा झाला. जेवण काय हवं ते त्यानं मला सांगितलंय."

काय हवं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझ्या पाचवीच्या वर्गातली तूदा, वय वर्षं दहा. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर तिला या जागी बसवायचं, उजवा तळहात चिरायचा आणि रक्त जमिनीत जिरू द्यायचं. मग जमीन उघडणार आणि खजिना वर येणार.

हे सगळं मी वर्गाच्या दारात उभा राहून ऐकत होतो. तिमुल्लीन गावात एकोणीस वर्षं मी शिकवतोय. त्या गर्दीतल्या निम्म्या बाप्यांना मी बेरीज-वजाबाकी शिकवली आहे, कान पिळून पृथ्वी गोल असल्याचं पाठ करून घेतलं आहे. त्यांना तोंडात बोटं घालून उभं राहिलेलं बघताना माझी मलाच लाज वाटली.

आमच्या मुलखात अशा मुलांना 'झुहरी' म्हणतात. तळहातावर दोन वाकड्या रेघांऐवजी एकच सरळ आडवी रेघ असली की मूल झुहरी. जमिनीखालच्या धनावर जिन्न पहारा देतो आणि झुहरीच्या रक्तानं त्याचा पहारा सुटतो, अशी समजूत. त्यामुळे आया बाळंतपणानंतर आधी बाळाचे हात उघडून बघतात. रेघ सरळ निघाली तर कुणाला सांगत नाहीत, पोराला एकटं बाजारात पाठवत नाहीत. पळवलेल्या पोरांच्या गोष्टी आमच्याकडे भुताखेतांच्या गोष्टींसारख्या सांगत नाहीत. दबक्या आवाजात, नावानिशी सांगतात.

तूदाच्या आईनं, यामनानं, दहा वर्षं मुलीची रेघ लपवली होती. ती मी उघडी पाडली. होय, मीच.

झालं असं. हिवाळ्यात एका संस्थेनं शाळेला तीन फोन दिले, नकाशे काढायच्या सोयीचे. जागेवर उभं राहायचं, बटण दाबायचं, ठिपका पडतो. ठिपक्याला नाव द्यायचं, हवं तर चित्र जोडायचं. मी मुलांना म्हटलं, चला, आपलं अंगण शिकू. रोज ज्यावर धावता त्याची तुम्हाला किती माहिती आहे ते बघू.

मुलं पेटली. मुंग्यांची वारुळं मोजली, एक्केचाळीस. दहा वाजता सावली कुठे असते, अकरा वाजता कुठे जाते, ते मांडलं. मधल्या सुट्टीत मुलगे तीन चतुर्थांश अंगण अडवतात आणि मुली नळापाशी दाटीवाटीनं बसतात, हे मुलींनी ठिपके टाकून सिद्ध केलं, त्यावरून आठवडाभर भांडण झालं. फेब्रुवारीत एकदाच पाऊस पडला. सगळीकडे डबकी दोन दिवस टिकली, फक्त एका जागेचं पाणी दहा मिनिटांत गेलं. ती जागा मुलांनी निळ्या रंगानं दाखवली. का जातं ते आम्हाला कळलं नाही. मी म्हटलं, कळलं नाही असंही लिहून ठेवायचं असतं.

चुकाही लिहून ठेवल्या. फोन कधीकधी चकतो. उंच भिंत असली, वर पत्रा असला की त्याला स्वतःची जागा पटकन सापडत नाही आणि ठिपका भलतीकडे पडतो. म्हणून एक वही केली, चुकांची. नकाशा लटकला भिंतीवर आणि वही राहिली माझ्या कपाटात.

आणि नकाशा म्हणजे काय ते समजावण्यासाठी सुरुवातीलाच मी प्रत्येकाला स्वतःच्या उजव्या तळहाताचा नकाशा काढायला लावला होता. शाईचा ठसा, त्यावर रेघा गिरवलेल्या, खाली नाव. सगळ्यांत सुबक काम तूदाचं. ते मी मधोमध लावलं. सरळ रेघ ठसठशीत दिसत होती. मला त्यात सुबकपणा दिसला, दुसरं काही दिसलं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही ना! मानणारे आजूबाजूला राहतात, हे मी विसरलो.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळं गाव आलं. तूदाचे आजोबा, दा बिही, आपल्या गुडघ्यांवर इलाज करायला उत्तरेकडून आलेल्या याच फकीहला घेऊन आले. मी त्याला पुदिन्याचा चहा दिला. स्वतःच्या हातानं दिला. तो नकाशापुढे बराच वेळ उभा राहिला, हातांच्या चित्रांपुढे त्याहून जास्त. "माशाल्ला, काय हुशार लेकरं!" म्हणाला. मी खुलून गेलो.

मग दहा दिवसांनी फकीहला दृष्टांत झाला.

दा बिहींकडे वेताच्या नळीत गुंडाळलेला एक पिढीजात कागद होता, जुन्या वळणाच्या अक्षरातला. त्यांना वाचता येत नाही, गावात कुणालाच ते अक्षर लागत नाही, आणि मला त्यांनी कधी दाखवला नव्हता. फकीहनं पहिली ओळ वाचली: "मशिदीमागच्या पटांगणाखाली खज्ना आहे, त्यावर सात घरांचा हक्क आहे." आमची शाळा मशिदीमागेच आहे. पुढच्या ओळी जिन्नांच्या भाषेत आहेत, त्या पुढं मी बघतो, असं म्हणून त्यानं कागद आपल्या पिशवीत ठेवला. खज्ना म्हणजे आणखी काय असणार? सहा वर्षं धड पाऊस नाही, बदामाची झाडं वाळून सरपण झालेली, तरणी पोरं आगादिरला हॉटेलात भांडी घासतात. त्या गावाच्या कानात खज्ना हा शब्द पडला. मग कोण थांबतंय?

बुधवारी, त्या बादलीच्या दिवशी, त्यानं डोळ्यांवर पट्टी बांधून अंगणात फेरी मारली आणि तीन खुणा सांगितल्या. पहिली, जमीन पाणी पिते ती जागा. पावलं मोजत तो बरोबर तिथं जाऊन उभा राहिला. दुसरी, झेंड्याच्या खांबाजवळ. तिथं तो थरथरला, गुडघ्यावर बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "इथं पाशा झोपलाय! जुन्या काळचा मोठा पाशा. मेल्यावर जिन्नानं त्याला पहाऱ्यावर ठेवलंय. मांजराच्या रूपात आहे. एकच डोळा आहे त्याला, एकच!" बायकांनी तोंडावर हात मारले. आणि तिसरी खूण, एका मुलीच्या तळहातावरची सरळ रेघ.

मी पुढे झालो. "अरे, हा सगळं शाळेच्या भिंतीवर वाचून गेलाय! निळी जागा आमच्या नकाशात आहे, तूदाचा हात तिथंच टांगलाय. मी चहा पाजलाय त्याला!"

फकीह हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. "उस्ताद, तुमच्या लेकरांनी ती जागा शोधली, खरंय. पण त्यांचा हात धरून ती कुणी दाखवली? जिन्नानंच ना!"

लोकांनी माना डोलावल्या. आम्ही खरं म्हणून जे काही मांडलं होतं ते त्यानं गिळलं आणि वर ढेकर दिली.

त्याच संध्याकाळी बायकांनी आजीपणजीपासून आलेले चांदीचे आकडे काढून दिले, खांद्यावर चादर अडकवायचे ते. चांदीच्या वासानं सोनं वर येतं म्हणे. फकीहनं ते मडक्यात भरले, मडक्याला मेण लावलं.

गुरुवारी सकाळी मी तूदाच्या घरी गेलो. तिचा बाप अद्दी ओट्यावर बसून कुदळीचा दांडा घट्ट करत होता.

"या उस्ताद. चहा घ्या."

"चहा नको. पोरीला घेऊन कुठंतरी जा दोन दिवस. माझ्या बहिणीकडं जा."

"का म्हणून?"

"का म्हणून विचारतोस? तुझ्या लेकीचा हात कापणार आहे तो!"

"जरासं ओरखडणार. काट्यानं निघतं तेवढं रक्त." त्यानं कुदळ खाली ठेवली. "उस्ताद, एक विचारू? तुमचा तो फोन. आपण कुठं उभे आहोत ते तो आभाळातल्या डब्याला विचारून सांगतो. बरोबर?"

"बरोबर."

"तो डबा तुम्ही पाहिलाय?"

"नाही."

"मग फकीह जमिनीखालच्या जिन्नाला विचारतो तर तुमच्या पोटात का दुखतं?"

आत कुणीतरी हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण प्रश्न वाईट नव्हता, आणि मी एकोणीस वर्षं पोरांना प्रश्न विचारायलाच शिकवत आलोय.

"अद्दी, फोन चुकतो. चुकला की आम्हाला कळतं, आम्ही वहीत लिहितो, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो. तुझा फकीह कधी चुकलाय का?"

"कधीच नाही!" अद्दी अभिमानानं म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

त्याला ते कळलं नाही. मला तरी कुठं नीट कळलं होतं.

निघताना तूदा दिसली. चुलीजवळ बसली होती, उजव्या हाताला मनगटापर्यंत फडकं गुंडाळलेलं. आमच्याकडे मेंदी लावली की रंग चढेपर्यंत हात असाच बांधून ठेवतात. मावसबहिणीचं लग्न जवळ आलं होतं. मी म्हटलं, "काय गं, मेंदी काढली वाटतं?"

तूदानं आईकडे पाहिलं. यामना अर्धवट उठली, ओट्यावरच्या अद्दीकडे पाहून परत बसली. मग तूदानं मान हलवली. हो.

मी घरी आलो. पोलीस ठाण्यात फोन केला. शुक्रवारी दुपारपर्यंत माणूस पाठवतो म्हणाले.

शुक्रवारी नमाज आटोपला आणि गाव अंगणात लोटलं. पाणी पिणाऱ्या जागेवर गुडघाभर खड्डा खणून झाला होता, तळाला सपाट घडीव दगड लागला होता. फकीहनं दगडावर कान ठेवला, बोटांनी वाजवलं. आतून पोकळ आवाज आला. लोक थरारले. मीही थरारलो, पण माझं कारण वेगळं होतं. खाली पोकळी आहे, आणि वर शेकडो माणसं नाचताहेत.

खड्ड्याच्या काठावर चटई टाकून तूदाला बसवलं होतं. नवा झगा, डोळ्यांत सुरमा, उजव्या हाताला तेच फडकं. तिची मान खाली होती. धूप इतका की डोळे चुरचुरत होते. फकीहनं खिशातून वस्तरा काढला.

"थांब!" मी गर्दीत घुसलो. दोघांनी मला धरलं. दोघंही माझे विद्यार्थी.

"उस्ताद, तुम्ही शिकवा. हे तुमचं काम नाही."

"आता पाशाला हाक मारतो," फकीह खांबाकडे वळून ओरडला. "ए एकडोळ्या! ए सरदारा! ऊठ, वाट मोकळी कर!"

"तिथं नाहीये तो."

आवाज बारीक होता, पण धुपाच्या त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. नऊ वर्षांची इज्जा, माझ्या चौथीतली. कायम नाक वाहणारी, कायम बडबडणारी. आईच्या झग्याआडून पुढे आली होती.

"गप गं!" तिची आई.

"पण तिथं नाहीच आहे ना! पाशा माझं मांजर आहे. माझंच. त्याला एक डोळा होता. तो मेला तेव्हा मी त्याला मागं पुरलंय, खरूबच्या झाडाखाली. तिथं भिंत आहे ना, वर पत्रा आहे, म्हणून फोन चुकला आणि ठिपका खांबाजवळ पडला. मी उस्तादांना सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहिलंय. चूक नंबर तीन."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या.

मी तसाच कपाटाकडे पळालो. मला धरणारे हातही सुटले होते. वही आणली, भिंतीवरचा नकाशा फाडून आणला. खांबापाशी मांजराचं इवलंसं डोकं काढलेलं, एक डोळा गोल, एक डोळा फुलीचा. खाली इज्जाच्या अक्षरात: पाशा. आणि वहीत माझ्या अक्षरात: तिसरी चूक. इज्जाच्या मांजराची जागा चौतीस पावलं पश्चिमेला पडली. खरी जागा खरूबखाली. पुढच्या वेळी दुरुस्त करणे.

"पोरी, ते तुझं मांजर," फकीह म्हणाला, पण आवाजातला गोडवा पातळ झाला होता. "हे जिन्नाचं मांजर. वेगळं."

"त्याचंही नाव पाशा?" इज्जानं विचारलं. "त्यालाही एकच डोळा?"

"हो."

"आणि माझ्या मांजराबद्दल जिन्नानं काहीच नाही सांगितलं? ते तर खरोखर पुरलंय!"

कुठूनतरी एका बाईचं हसू फुटलं. मग दुसरीचं. ते हसू चांगलं नव्हतं, त्यात चीड होती. चांदीचे आकडे दिलेल्या बायका होत्या त्या.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच आहे. निळी जागा बरोबर होती, तूदाची रेघ बरोबर होती. बरोबर गोष्ट कुणालाही कुठूनही कळू शकते. नकाशातून कळते, तशी जिन्नाकडूनही कळली असं म्हणता येतं. पण चूक? एका पत्र्याखाली फोन बावचळला म्हणून पडलेली, जगात फक्त त्या एका कागदावर असलेली चूक? तीच चूक फकीहच्या दृष्टांतात आली असेल, तर दृष्टांत त्या कागदावरून आला. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्या पोराला मी असाच पकडतो. बरोबर उत्तरांवरून नाही पकडता येत, सारख्या चुकांवरून येतं.

अद्दीनंच खरूबखाली कुदळ मारली. वीतभर खाली हाडं लागली, कवटी लागली, लाल लोकरीचा गळपट्टा लागला. खांबाखाली कंबरभर खणलं, तिथं माती. इज्जा रडायला लागली. फकीह खोटा निघाल्याचं तिला काही नव्हतं. आम्ही तिचं मांजर उघडं पाडलं म्हणून रडत होती.

तेवढ्यात दा बिहींनी फकीहच्या पिशवीतून वेताची नळी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. "वाच उस्ताद. जिन्नांची भाषा येते का बघ."

साधी अरबी होती. अक्षर किरटं, इतकंच. मी मोठ्यानं वाचलं: "मशिदीमागच्या पटांगणाखाली खज्ना आहे, त्यावर सात घरांचा हक्क आहे. बिहीच्या घराची पाळी शनिवारी पहाटेपासून दुपारच्या अजानपर्यंत. दोर आपापला आणावा. गाळ वर्षातून एकदा सातही घरांनी मिळून काढावा."

दा बिही खड्ड्याकडे वळले. मग म्हणाले, "सोन्याच्या पाळ्या कोण लावतं रे? आणि सोन्याला दोर कशाला?"

मग तेच पुटपुटले, "पाणी. माझी आई पाळीचं बोलायची. मला वाटायचं, दुसऱ्या गावाचं बोलते."

खज्ना म्हणजे साठवण. आजे-पणजे पाण्याच्या साठवणीला खज्ना म्हणत. आम्ही नळ आल्यावर साठवण विसरलो आणि शब्दात सोनं भरलं.

पोरांनी पहारी लावून दगड सरकवला. खाली दगडी कमानीचं टाकं निघालं, दोन पुरुष खोल, गाळानं अर्धं भरलेलं. पटांगणाचा सगळा उतार मुद्दाम त्याच्या तोंडाकडे काढलेला होता. तोंड मातीनं बुजलं होतं, पण फटी राहिल्या होत्या. बादली ओतली की पाणी फटींतून आत जायचं, आत कोंडलेली हवा त्याच फटींतून बाहेर यायला बघायची. अरुंद तोंडाची घागर पाण्यात बुडवली की ती गुडगुडते, तशी. खाली पोकळ कमान, म्हणून तो आवाज घुमायचा. राखणदाराचा हुंकार तो एवढाच.

मग एकच गलका उडाला. काहींनी फकीहला धरलं, कुणी मडकं फोडलं, त्यातून आकडे निघाले नाहीत, खडे निघाले. आकडे त्याच्या खेचराच्या खोगिरात शिवलेले होते. पोलीस आले ते याच वेळी. मला माणसं मिठ्या मारत होती. "उस्ताद, तुम्ही वाचवलंत!" आणि मी, सांगायला लाज वाटते, मी हसत होतो. जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

तूदा चटईवर तशीच बसून होती.

"ऊठ बाळा," मी म्हटलं. "संपलं सगळं. घरी चल."

ती उठली नाही. मी खांद्याला हात लावला. भट्टी असावी तसं अंग तापलं होतं.

"फडकं सोडू नका," ती म्हणाली. "फकीहबाबा म्हणाले, शुक्रवारपर्यंत सोडायचं नाही."

मी फडकं सोडलं. आत मेंदी नव्हती.

सोमवारीच, घरात, बापासमोर, फकीहनं एकदा चिरून घेतलं होतं. जिन्नाला चव कळावी म्हणून. जरासं नव्हे. सरळ रेघेवरूनच, हाडापर्यंत. वर धुपाची राख आणि खजुराचा लगदा भरून बांधून ठेवलं होतं, पाच दिवस. वास आला तशी माझ्या मागची माणसं मागे सरली. यामना जमिनीवर बसली आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागली. "मी सांगणार होते उस्ताद. तुम्ही मेंदी म्हणालात. तुम्हीच म्हणालात मेंदी!"

म्हणालो होतो. गुरुवारी सकाळी ते फडकं सोडलं असतं तर बोटं वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. जिल्ह्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत विष दंडापर्यंत चढलं होतं. हात राहिला. दोन बोटं गेली आणि उरलेल्यांच्या शिरा तुटलेल्या. अद्दी तुरुंगात आहे, फकीहही आहे.

तूदा रमजाननंतर शाळेत परत आली. डाव्या हातानं लिहायला शिकतेय. अक्षर वेडंवाकडं येतं, पण कुणाला फळा पुसू देत नाही, तो तीच पुसते. टाकं आम्ही साफ केलं, सातही घरांनी मिळून. आता पाऊस आला तर गावाला चार महिन्यांचं पाणी साठेल. पण तुम्हाला वाटेल गाव शहाणं झालं, तर ऐका. निम्मी घरं म्हणतात, त्या टाक्याचं पाणी आम्ही पिणार नाही, जिन्नाचं जेवण अर्धवट राहिलंय. हे मला परवा कुणी सांगितलं? ज्यानं फकीहला सगळ्यात आधी धरलं, त्यानं.

म्हणून हे लिहितोय. तुमच्या गावातही कुणी येईल. त्याचं नाव वेगळं असेल, पोशाख वेगळा असेल, बोलणं असंच गोड असेल. त्याच्याशी वाद घालत बसू नका, मी घातला, उपयोग झाला नाही. त्याला विचारा, बाबा, तू कधी आणि कुठं चुकलास ते सांग. जो कधीच चुकलेला नाही त्याच्यापासून आपली लेकरं लांब ठेवा. आणि घरातल्या लेकराचा हात बांधलेला दिसला तर फडकं सोडून बघा. अंदाज करू नका.

राहिली ती रेघ. आमच्या शाळेतल्या एकशे बारा मुलांचे हात मी नंतर तपासले. आणखी दोघांच्या हातावर सरळ रेघ आहे. माझ्याच डाव्या हातावर आहे, आणि पन्नास वर्षांत मला चांदीचा आकडासुद्धा सापडलेला नाही. तळहाताच्या रेघा म्हणजे कातडीच्या घड्या. मूल आईच्या पोटात असतानाच त्या पडतात, कुणाच्या दोन पडतात, कुणाची एक. त्यांचं काम इतकंच की हात नीट दुमडावा. खोटं वाटत असेल तर आत्ता, हे वाचता वाचता, उजवी मूठ घट्ट मिटा आणि उघडा. घडी कुठं पडते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

सगळ्या शाळेला मी हे करून बघायला सांगितलं. एकशे अकरा मुठी मिटल्या.